मोटर

आमच्या घरात ऋतू दोनच :
कूलर लावायचा आणि कूलर काढायचा.
मधले सगळे बाबांचे उधारीचे महिने.
इस्त्री, मिक्सर, गिझरची कॉईल,
हेडाऊ काकूंचा पंखा, जो दर दिवाळीला बिघडतो
आणि ज्याचे पैसे होळीला येतात.

यंदा कौन्सिलिंगची तिसरी फेरी लांबली.
निघायची तारीख पडली ती नेमकी
कूलर काढण्याच्या आठवड्यात.
तांडापेठेतल्या अर्ध्या खिडक्या
बाबांनी एका रविवारात मोकळ्या केल्या.
त्यांच्या मागे मी, पाना आणि पेचकस धरून.

"तिथं कूलर लागतच नाही?"
त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.
"नाही बाबा. पालमपूरला डोंगर आहेत. बर्फ दिसतो."
"मेमध्येही?"
"मेमध्येही."
ते ताटीतलं काळं पडलेलं गवत उपटत राहिले.
"मग तिथले मेकॅनिक का करून राहिले असतील, बाप्पा?"

स्वेटर मिळेना.
सप्टेंबरात नागपुरात स्वेटर मागितला
की सीताबर्डीचा दुकानदार आधी आपल्या कपाळाकडे बघतो,
ताप आहे का म्हणून.
शेवटी मावसाजींचा निघाला, डांबराच्या गोळ्यांच्या वासाचा.
बाह्या माझ्या बोटांच्या खाली उतरतात.
आई म्हणाली, बरंच आहे, हातमोजे वाचले.

ती तीन दिवस सरगुंडे वळत बसली आहे.
जवसाची चटणी, लाखोळीची डाळ, सांडगी मिरची.
वजन बाबांच्या ताणकाट्यावर :
अठ्ठावीस किलो, त्यात पुस्तकं चारच.

विपुलने माझ्या कप्प्यात बूट ठेवले आहेत.
मी अजून गेलेली नाही,
हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.
काल मात्र त्याने स्वतःहून विचारलं,
गायीला इंजेक्शन देताना गाय लाथ मारते का.
मी म्हटलं, शिकून आल्यावर सांगते.
तो म्हणाला, तू येशील तेव्हा मी दहावीत असेन,
मला वेळ नसेल.

होस्टेलचा फॉर्म भरला.
रक्तगट, मातृभाषा, पित्याचा व्यवसाय.
तिथे पेन जरा थांबलं.
मी लिहिलं : स्वयंरोजगार.
बाबांनी चष्मा पुसून वाचलं, मोठ्याने, दोनदा.
"वा. मले केव्हा लागली ही नोकरी?"
सगळे हसले. मीही.
मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

आज त्यांनी बॅगेच्या चाकांना
मोटरचं तेल सोडलं, दोन-दोन थेंब,
कूलर ठेवून देताना सोडतात तसं.
"पडून राहिलं का जाम होते," म्हणाले,
कशाबद्दल ते कळलं नाही.
बाजूच्या खिशात एक टेस्टर टाकला.
"आचल, कोणत्याही भिंतीवर भरवसा ठेवू नको.
आधी लावून पाहायचं."

जम्मूकडे जाणारी गाडी उद्या सकाळी.
पठाणकोटला उतरायचं, पुढे बस.
हे मी आईला इतक्यांदा सांगितलं
की आता ती बाजूच्यांना सांगते,
जणू तिनेच दोनदा जाऊन पाहिलं आहे.

रात्री झोप येईना.
गर्मी नव्हती, डास नव्हते.
खोलीत कसलाच आवाज नव्हता.
अठरा उन्हाळे मी त्या घरघरीत झोपले,
परीक्षेच्या, तापाच्या, भांडणाच्या रात्री.
पलीकडे आई-बाबांचं बोलणं ऐकू येऊ नये
म्हणून तोंड कूलरकडे करून.

साडेबाराला बाबा उठले.
अंधारातच ताडपत्रीची दोरी सोडली त्यांनी.
टाकीत पाणी नाही, ताट्या गच्चीवर,
तिन्ही बाजू उघड्या.
नुसतं पातं फिरू लागलं,
आणि जुन्या वाळ्याचा कोरडा वास आला खोलीत.

"काऊन वो, आता कूलर?" आई अर्धवट झोपेत.

"मोटर तपासून राहिलो."

पहाटे पाचपर्यंत तपासली त्यांनी मोटर.