बावीस ट्रॅक, पाच गाणी

अल्बमात बावीस ट्रॅक आहेत.
सतरा नुसते वाजतात,
पियानो, मग पियानो, मग शाळेच्या गच्चीवरचं व्हायोलिन.
डिंपल पराते म्हणायची, ते सोड,
ते माणसं गप्प बसली की मागे लावायला असतं.
पाच ऐक. ज्यात कुणीतरी तोंड उघडतं.

सकाळी नऊला मी सोळा किलो कांदा चिरतो
गोळीबार चौकात, बाबाच्या सावजी भोजनालयात.
एक कान अल्बमला, एक बाबाला.
डोळ्यांतल्या पाण्याचं कारण
इथे कुणी विचारत नाही.

पहिलं गाणं सुरुवातीचं.
मालिकेत ते दीड मिनिटात आटपतं:
सायकल, पूल, केस उडतात, नाव येतं,
गोष्ट सुरू.
अल्बमात तीच बाई दीड मिनिटानंतर श्वास घेते,
तो श्वास ऐकू येतो,
आणि दुसरं कडवं म्हणते
ज्यावर कुणीच चित्रं काढली नाहीत.
तिथे मी आमची घालतो.
मे महिना, गांधीसागरचा काठ, तिची स्कूटी,
तोंडाला गुंडाळलेला स्टोल
आणि त्यातून उरलेले फक्त डोळे,
चित्रातल्याइतके मोठे.

दुसरं मला आवडत नाही. गिटार फार आहे.

तिसरं नायिका स्वतः गाते,
म्हणजे तिला आवाज देणारी बाई
नायिका होऊन गाते,
किंचित बेसूर, मुद्दाम,
कारण गोष्टीतल्या मुलीला गाता येत नाही.
बेसूर गायला किती रियाज लागत असेल!
बाबा मसाला भाजता भाजता विचारतो,
"काय म्हणून राह्यली बे ते?"
सुकी म्हणते.
"काय सुकी? पाटवडी?"

हो.
त्या दिवशी मीही तेच समजलो.
चार नंबरच्या टेबलावर डिंपल एकटी,
कूलर धडधडत होता,
ती माझ्याकडे बघून हळू म्हणाली, सुकी.
मी आत वळून ओरडलो,
एक पाटवडी सुकीऽऽ!
तिने ती खाल्ली. सगळी.
घाम पुसला, पैसे दिले,
सुट्टे राहू दे म्हणाली.

अर्थ मला आठ महिन्यांनी कळला
उधारीच्या वहीच्या मागच्या पानांवर,
जिथे मी पाचही गाणी देवनागरीत उतरवून
एकेक शब्द शोधत बसलो होतो.
तोवर ती कोबेजवळ
म्हाताऱ्यांच्या एका घरात कामाला लागली होती.
एक्क्याण्णव वर्षांच्या बाईला आंघोळ घालते.
त्या बाईला ही गाणी माहीत नाहीत, असं तिने कळवलं होतं.
तिला जुनी लागतात.

चौथ्या गाण्यात 'किमी' अकरा वेळा येतं.
किमी म्हणजे तू.
वर्धा रोडवर हिरवी पाटी आहे,
हैदराबाद ५०० किमी.
कोंबड्या आणायला निघालो होतो,
गाडी बाजूला घेतली.
पाचशे तू.
मागचा ट्रकवाला हॉर्न देत राहिला.

पाचवं शेवटून दुसऱ्या भागात लागतं,
जेव्हा नायक स्टेशनाकडे धावत सुटतो.
पूर्ण गाणं सव्वापाच मिनिटांचं आहे,
तो साडेतीन मिनिटं धावतो.
मी धावलो नव्हतो.
दुपारचं गिऱ्हाईक होतं,
आणि ती आज जाते आहे हे
मला तर्री वाढताना तिच्या भावाने सांगितलं.

आज बाबा म्हणाला, फळ्यावर लिही,
खूर, मटण रस्सा, पाटवडी सुकी.
दोन ओळी नीट लिहिल्या.
तिसरीत पाटवडी लिहिली
आणि पुढचा शब्द तिच्या अक्षरांत काढला.
दोनच अक्षरं.
पहिल्यात एक बाई आणि शेजारी मूल असतं म्हणे,
माझी बाई जरा वाकडी झाली.
"हे काय काढलं बे?"
डिझाइन आहे, म्हटलं.

साडेबाराला एक गिऱ्हाईक
फळ्यासमोर बराच वेळ उभा राहिला,
मग त्या अक्षरांवर बोट ठेवून म्हणाला,
हे कसं दिलं?
कानात दुसरं कडवं चाललं होतं.
म्हटलं, बसा,
वेळ लागेल.