बुडबुडा

एका पानात बसवा, असं कळवलंय पुण्याच्या ऑफिसनं.
शिक्षण, प्रकल्प, प्रयोगशाळेतली कौशल्यं.
अनगोळच्या खोलीत मांडीवर लॅपटॉप,
उद्यमबागेतला भोंगा नुकताच होऊन गेला.

लिहिते: मायक्रोफ्लुइडिक चिप, रचना आणि कास्टिंग.
म्हणजे नखाएवढ्या पारदर्शक रबरात
केसाहून बारीक वाट.
रक्ताच्या एका थेंबानं तिच्यातून चालत जावं,
लाल एकीकडे, पिवळसर पाणी दुसरीकडे.
इतकंच. दीड वर्षं.

हे लिहीत नाही:
पहिल्या एकोणीस चिप बुडबुड्यांनी गेल्या.
विसावी डब्यात घालून घरी आणली,
रडायला बहुतेक.
बाबांनी चष्मा कपाळावर ढकलून ती दिव्यापुढं धरली.
तीस वर्षं फौंड्रीत साचे भरणारा माणूस,
हे कशाचं, विचारलंच नाही.
"गॅस अडकलाय बघ. जायला वाट ठेवली नाहीस.
आनी घाईनं ओतलीस."

दुसऱ्या दिवशी व्हॅक्यूमला चाळीस मिनिटं जास्त दिली,
काठाकाठानं ओतलं.
एकविसावी निघाली.
प्रबंधाच्या शेवटी सत्तेचाळीस संदर्भ आहेत,
सगळे छापील.

लिहिते: पिपेटिंग, दहा मायक्रोलिटरपर्यंत अचूक.
आधी हात कापायचा.
मल्लेशप्पा काचेची भांडी विसळता विसळता म्हणायचे,
"सावकाश री, सावकाश."
तो शब्द त्यांनी कन्नडमध्ये म्हटला की मराठीत,
आजवर कळलेलं नाही.
हात थांबला.

लिहिते: पेशीसंवर्धन, निर्जंतुक हाताळणी.
जुलैत इन्क्युबेटरमध्ये बुरशी शिरली.
तीन फ्लास्क ब्लीच ओतून मारले.
'मारले' वहीत चालत नाही.
'टाकून दिले' लिहिलं, तारीख घातली, सही केली,
आणि कॅन्टीनमध्ये जेवण गेलं नाही.

लिहिते: नमुने गोळा करणे.
पहाटे सहा, थर्मासची पिशवी, खाटकाचं दुकान.
बाटलीत आधीच सायट्रेट, रक्त गोठू नये म्हणून.
बुडनसाब बाटली हलवत हसायचे,
"न गोठलं तर माणूस मरतंय की, पोरी."
होय की, चाचा.
बाटलीतलं तेवढं राहू दे पातळ.

भाषा: मराठी, कन्नड, इंग्रजी.
पुढच्या रकान्यात: प्रावीण्य.
तो तसाच सोडून चहा ठेवते.

'कास्टिंग' काढ, 'फॅब्रिकेशन' घाल,
वजन पडतं, असा शिवलीलाचा मेसेज.
बाबांच्या कारखान्याच्या पाटीवर हाच शब्द
तीन लिप्यांत होता.
आता दोन उरल्यात, तिसरीवर रंग.
काढत नाही.

बाबा आले. मोरीत कानामागची काळी वाळू धुतायत.
"भरलीस काय गं ते?"
"भरूलालोय."
पाण्याचा आवाज थांबतो.
"बुडबुडा बघून घे."