नमुना क्रमांक तीन

बाटली पाण्याखालीच भरायची, पाण्याखालीच बूच लावायचं.
एकही बुडबुडा आत राहता कामा नये,
नाहीतर वरची हवा
नदीच्या नावावर खपते.

पहिला नमुना तिऱ्ह्यात. पुलाखाली म्हशी,
शेवाळ, कुणाची तरी एक चप्पल.
दोन औषधं सोडली, बाटली उलटीपालटी केली,
गाळ बसला कडक चहाच्या रंगाचा.
म्हणजे श्वास आहे.
महांतेशनं बॉनेटवर वही ठेवून वेळ लिहिली, तापमान लिहिलं.

दुसऱ्याचं सांगण्यासारखं काही नाही.

तिसरा, आदिला जिथं सीनेला मिळते तिथं.
कागदावर ती अजून नदी आहे.
"नाल्यावर चाललाव व्हय?" गुरप्पा भोई म्हणाला,
आणि वळचणीला टांगलेलं जाळं दाखवलं,
वाळून खडखडीत.
"गेल्या उन्हाळ्यात चिलापी तोंड वर काढून
हवा मागत होती बगा.
तुमची बाटली काय येगळं सांगणार?"

वेगळं काही नाही, काका.
सही-शिक्क्यानं सांगणार, एवढंच.

औषधं सोडली. गाळ बसला
पांढरा.
पांढऱ्याचा अर्थ आमच्याही विषयात तोच.

पण नाल्याचं पाणी वांगी रंगाचं होतं,
कडेला गुलाबी फेस,
आणि तो वांगी मला पाठ होता.
नायनांच्या कोपरापर्यंत असायचा तो,
लिंबानं जाईना, रॉकेलनं जाईना,
लग्नाच्या पंगतीत वाढपी
जिलबी जरा वरूनच टाकायचा.

टँकर आला की नायना बोटभर पाणी जिभेला लावत.
"जड आहे. लाल डागळेल आज."
आमच्या घरातली पहिली प्रयोगशाळा ती.
लडी धुऊन उरलेलं पाणी मात्र
मोरीत सोडताना त्यांनी कधी चाखलं नाही,
आणि ते कुठं जातं हे मी विचारलं नाही.
माझी फी त्याच हौदातून निघत होती.
हौद अजून चालतो. मंगळवारी वांगी.
आज बुधवार.

प्रयोगशाळेत तिऱ्ह्याच्या पाण्यात स्टार्च घातला,
फ्लास्क गडद निळा झाला.
मग थेंब थेंब सोडत ते निळं घालवायचं,
शेवटच्या थेंबाला सगळं एकदम नाहीसं होतं.
नायनांचा जन्म रंग पक्का बसवण्यात गेला.
मला पगार मिळतो
रंग उडाला की हात थांबवण्याचा.

तिसऱ्याला एक थेंबही लागला नाही.
शून्य.
महांतेश म्हणाला, "परत बघू या का मॅडम?"
परत बघितलं.

"प्रदूषणाचा स्रोत", रकाना बोटभर रुंद.
त्यात अख्ख्या शहराचा मैला बसवायचा,
साबण, तेल, दवाखान्यांचं काय काय,
साखर पेठेतली आमची न्हाणी,
आणि नंतर
पेन जरा अडखळलं, शाई संपली असेल.

रात्री नायनांनी विचारलं, "आज कुठलं पाणी?"
पर्समधली छोटी बाटली मी त्यांच्यापुढं ठेवली.
ट्यूबलाइटकडं धरून त्यांनी बराच वेळ पाहिली,
बूच काढलं, सवयीनं बोट बुडवलं,
आणि ओठांपाशी नेता नेता
थांबले. बोट लुंगीला पुसलं.

"काल टँकर हलका होता," ते म्हणाले,
"रंग छान बसला होता."