एक वीत मागे

दांडिया बाजारातल्या जिन्याखालच्या स्टुडिओत
दिघेकाका आज स्टुलावर बसलेत,
चाळीस वर्षांत पहिल्यांदाच
कॅमेऱ्याच्या त्या बाजूला.
बँकेला ताजा फोटो हवाय,
जुन्यातला माणूस जुळत नाही म्हणे.

नजर गेलीय त्यांची. मधोमध काळा डाग
आणि कडेकडेने धुकं.
तरी बुशशर्टाची वरची गुंडी चाचपून
स्वतःलाच म्हणतात गिऱ्हाइकाच्या गुजरातीत,
‘सीधा बेसो. हसशो नहीं.’
आणि मला, ‘दिवा कुठे ठेवलास?’

डावीकडे, काका. पंचेचाळीस अंशांत, डोळ्यांच्या वर.
‘अंश नको सांगूस.
नाकाची सावली ओठाला टेकते का ते सांग.’
नाही टेकत.
‘पलीकडच्या गालावर त्रिकोण?’
पडलाय. फाटक्या पतंगाच्या तुकड्याएवढा.

मान हलवतात, पण पटत नाही त्यांना.
गाल पुढे करतात, मागे घेतात,
न्हाणीतल्या पाण्याला बोट लावून बघावं तसे.
‘लागत नाहीये ग.
तू लावलाच नाहीस दिवा.’

लावलाय. एलईडी आहे, थंड असतो.
नवरीचा मेकअप उतरत नाही,
वीजबिल अर्ध्यावर आलंय,
पोरं रडत नाहीत आता फोटोला,
सांगता सांगता मी गप्प होते.

आधी स्वतःचा तळहात धरायचे ते
गिऱ्हाइकाच्या गालाजवळ, ताप बघावा तसा.
रावपुऱ्यातले वकील, मांडवीतल्या दुकानदारांच्या सुना,
सगळ्यांच्या गालाजवळ.
मी तेव्हा दहावी नापास, छत्री धरून उभी.
वाटायचं, उगाच ऐट.

माळ्यावरून तो हजाराचा हॅलोजन काढते,
पत्र्याचे कान वाकलेला.
आधी धूळ जळते त्याच्यावरची.
करपट वास, सगळ्या जुन्या लग्नसराईंचा.
काकांचे खांदे खाली येतात.
‘हं. आला.’

मग डोळे मिटूनच:
‘कानशिलाला चटका बसतोय. एक वीत मागे घे.
अजून.
बटर पेपर लाव, टक्कल चमकत असेल.
थर्माकोल उजवीकडे धर, पण लांब.
त्या बाजूच्या सुरकुत्या राहू देत अंधारात,
त्यांनाही जरा पडू दे.’

बँकेला सपाट उजेड लागतो,
पांढरा पडदा, दोन्ही कान.
तो नंतर काढीन.

‘डोळ्यांत पडलाय का?’
वाकून बघते. दोन्ही बुबुळांत
एकेक पांढरा चौकोन,
बटर पेपरच्या घडीसकट.
पडलाय.
‘दहाच्या काट्यावर?’
दहाच्या.
‘मग थांबलीस कशाला? वीज जळतेय.’