चौथी ओळ

जिंतूरच्या शाळेत गुट्टे सर फळ्यावर
एकाखाली एक तीन शब्द लिहायचे :
पक्ष. साध्य. सिद्धता.
पक्षात नसलेलं काही वापरलं
की डस्टर फेकायचे.
"कुठून आणलंस हे? दिलं होतं का कुणी?"

आता मी सिरिंज पंपाचा प्रोग्रॅम तपासते.
साध्य साधंच :
बटणं कशीही दाबा, कुठल्याही क्रमानं,
बाळाच्या शिरेत ठरल्याहून थेंबभरही जास्त जाणार नाही.
पंप हजारदा चालवून बघितला होता लोकांनी.
हजारावर एकावी वेळ कुणाच्या घरची
ते हजारांना कसं कळावं?
म्हणून सिद्धता. अकरा आठवडे.
स्क्रीन हिरवी झाली त्या संध्याकाळी
मी एकटीच चहा प्यायले, दोन कप.

मग अंबाजोगाई. मोठा दवाखाना, नवजात कक्ष.
काचेच्या पेटीत द्वारकाचं बाळ,
नऊशे चाळीस ग्रॅम, अजून नाव नाही.
त्याला जुनाच पंप. आमचा शेजारच्या टेबलावर,
नुसतं सलाईन, नळी स्टीलच्या वाटीत सोडलेली.

सव्वादोनला लाईट गेली.
जनरेटरनं धरायला नऊ सेकंद घेतले.
नसरीन सिस्टरनं जुन्याचं बटण दाबलं,
जाता जाता आमच्याचंही.
दोनदा.

"दोनदा का?"
"लाईट आल्यावर पयल्यांदा ऐकतच नाही हे.
सगळ्याच दाबतोत आम्ही. तुमाला म्हाईत नव्हतं?"

पक्षातली चौथी ओळ मीच लिहिली होती :
पंप जागा होत असताना बटणाला कुणी हात लावत नाही.
माझ्या ऑफिसात लाईट जात नाही.

स्टँडसमोरच्या लॉजवर ती ओळ खोडली
आणि सिद्धता पुन्हा चालायला सोडली.
पहाटे, पहिल्या एसटीच्या हॉर्नला, उत्तर आलं.
चूक, एवढंच म्हणून थांबत नाही ते,
वाट दाखवतं. सात पायऱ्या :
लाईट जाते. येते. सुरू. लगेच सुरू.
माप परत येतं, दशांशचिन्ह अजून वाटेत.
अर्ध्याचे पाच.
सातव्या पायरीवर नुसता एक आकडा होता,
वजन नव्हतं त्याला, नाव नव्हतं.

चप्पल घालून तशीच गेले
वाटीत किती साचलंय ते मोजायला.
मावशींनी घासून पालथी घातली होती.

पक्षात आता लिहिलंय :
लाईट जाते. सिस्टर दोनदा दाबते.
दिलं होतं सर, नसरीन सिस्टरनं.
पाचवी ओळ
अजून कुणाच्या हातात आहे, माहीत नाही.
आज रात्रपाळीला बसणार आहे मी,
स्टुलावर, गप्प, बघत.