चौथा स्क्रू

पाटी पितळेची. रोज चिंचेने घासायचो.
अक्षरं वाचता येत नव्हती,
मुकुटवाला गरुड तेवढा ओळखीचा झालेला.

युद्ध जिंकून दोन महिने,
आणि लंडनची तार आली.
हालिनाबाईंनी ती दोनदा वाचली,
टाइपरायटरवर झाकण ठेवलं.
"भाऊ कासिनोच्या डोंगरावर गेला, धाकू,
त्यांच्याच बाजूने लढत.
आज म्हणतात, तुमचं सरकार आम्ही ओळखत नाही.
काढ पाटी."

काय बोलणार?
आमच्या गावात शब्द फिरवणाऱ्याच्या दारचं
पाणी पीत नाहीत.
इथे फोर्टात नळच त्यांचे.

तीन स्क्रू निघाले. चौथा गंजलेला.
बाई म्हणाल्या, राहू दे.
पाटी लोंबत राहिली एका कोपऱ्यावर
पाच वाजेपर्यंत.

मग साहेबाचा शिपाई आला, पक्कड घेऊन.
माझ्याच गावचा.