ओहोटी

आठव्या आठवड्याची सकाळ. सोहार.
सलाइन लावण्याआधी शीजा सिस्टर रक्त काढते,
औषध अंगात सगळ्यात कमी उरलेलं असतं तेव्हाच.
तळ बघायचा असतो, म्हणते.

हर्णैला आम्ही होडीची भोकं
ओहोटीलाच शोधायचो.

मागचा आकडा शून्य पॉइंट चार.
डॉक्टर बलुशी म्हणाले, औषध चांगलंच आहे,
तुझ्या रक्तानंच त्याला परकं ठरवून बाहेर काढलं.
बारा वर्षं मी इथं कार्ड रिन्यू करतोय,
आणि माझ्याच आत हा असला साहेब!

बंदरातला प्रत्येक संडास मला क्रेनच्या नंबरासकट पाठ.

आज आकडा चढला नाही तर औषध बदलणार.
बायकोचा फोन: काय म्हणाले?
पाणी उतरलंय, म्हटलं.
भोक कुठं, ते बघतायत.